पाहा: ढवळे, सुमन

वन्सं,

काल महादेवनं मला विचारलं, "बाई, सुमनताईंचा कागद आता कुठं ठिवायचा?"

मी म्हटलं, नियमाप्रमाणे. नियम मीच केलेला. माणूस गेलं की त्याचे कागद मागच्या कपाटात, नंबराच्या क्रमानं. नावाचं कार्ड मात्र खणात आहे तिथंच, फक्त उजव्या कोपऱ्यावर एक निळी रेघ. महादेवनं तुमचं कार्ड काढलं, निळी पेन्सिल हातात घेतली आणि नुसता उभा राहिला. शेवटी मीच रेघ ओढली. पट्टी लावून.

रडणं घरी झालं आहे, आणखीही होईल. दवाखान्यात मला काम आहे. सोमवारी सचिवसाहेबांनी बोलावलंय आणि विषय तुमचा आहे, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा. नावनोंदणीच्या खिडकीत आलेल्या प्रत्येक बाईला तुम्ही "माहेरचं नाव काय गं?" असं विचारायचात, ते पहिल्या तारखेपासून बंद करावं असं त्यांच्या मनात आहे. रांग लांबते, बायका लाजतात, सासवा भांडतात, अशी त्यांची कारणं. तुम्ही असतात तर पदर खोचून गेला असतात आणि चहा पिऊन परत आला असतात. आता मला जायचं आहे. आणि या प्रश्नावरून तुमच्याशी सगळ्यात जास्त भांडले ती मीच. तेव्हा आधी तुमच्याशी बोलून घेते, मग त्यांच्याशी.

मला दवाखान्याच्या या कागदांच्या खोलीत आणलंत तुम्हीच. "माझी भावजय बरण्यांवर चिठ्ठ्या लावते, तिला घ्या," एवढी शिफारस केली होतीत. खरंच होतं ते. वाण्याची यादी, बोहारणीला द्यायच्या कपड्यांची यादी, कुणाकडे कुठलं पातेलं गेलंय त्याची यादी. तुमचा भाऊ म्हणायचा, हिला यादी करायची यादी लागते. पण इथं आले आणि दवाखान्याच्या कागदांची अवस्था पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या खोडीला कुठंतरी उपयोग आहे.

आठवतं ना? पेशंट आला की दर वेळी नवा कागद. दिवसाचे कागद एका फडक्यात बांधायचे, फडक्यावर तारीख. जुना कागद हवा असेल तर तारीख ठाऊक हवी. आणि तुम्ही खिडकीत विचारायचात, "मागं कधी आला होता?" तर उत्तर यायचं, "भुईमूग काढत हुतो की तवा." किंवा, "गड्ड्याच्या जत्रंच्या आदी." तुम्हाला त्या उत्तरांचा राग यायचा नाही. भुईमूग म्हटल्यावर तुम्ही बरोबर त्या सुमाराची फडकी सोडायला बसायचात आणि बरेचदा कागद घेऊनच उठायचात. मी मात्र त्या धुळीत शिंकत विचार करायचे, की ही बाई रजेवर गेली तर काय?

म्हणून नंबर आला. एका माणसाला एक नंबर, जन्मभरासाठी. तो परत आला की त्याच नंबराखाली पुढचा कागद. पत्ता, वय, कुठलं औषध सोसत नाही, हे सगळं पहिल्या पानावर, एकदाच. वॉर्डाच्या वहीत, औषधाच्या चिठ्ठीवर, बिलावर पुन्हा पत्ता लिहायचा नाही, फक्त नंबर. तुम्हाला ते पटेना. तुम्ही म्हणालात, चार ठिकाणी असलं तर बरं, एक हरवलं तर दुसरं आहे. मी म्हटलं, वन्सं, माणसानं बिऱ्हाड बदललं की चारांतल्या दोन ठिकाणी नवा पत्ता चढतो, दोन ठिकाणी जुनाच राहतो, मग खरा कुठला? घरात मिठाची बरणी एकच असते ना?

"हो," तुम्ही म्हणालात, "आणि ती कुठं असते ते एकट्या तुलाच ठाऊक असतं. तू माहेरी श्रीपूरला गेलीस की आम्ही अळणी खातो."

सगळी खोली हसली. मी त्या दिवशी चिडले होते. पण घरी जाऊन भाकरी थापताना कळलं की तुम्ही चेष्टेत नेमकं बोट ठेवलं होतंत. नंबरानं कागद जागेवर राहतो. पण आलेल्या माणसाला आपला नंबर ठाऊक नसेल तर त्या जागेपर्यंत पोचायचं कसं? तिथून नावाची कार्डं आली. छोटी कार्डं, आडनावाच्या क्रमानं, वर नाव, खाली नंबर, दुसरं काही नाही. नावावरून नंबर, नंबरावरून कागद. मी नंबर सांभाळायचे, तुम्ही नावं.

आणि नावं ही काय सोपी गोष्ट होती का? शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर बायका आडनाव आधी सांगायच्या, आपण ते नाव म्हणून लिहायचो. तुम्ही त्यांच्याकडूनच "पेरु एमिटी", म्हणजे नाव काय, एवढं तेलुगू शिकून घेतलंत आणि खिडकीतून असं काही म्हणायचात की त्या तोंडाला पदर लावून हसायच्या, पण नाव नीट सांगायच्या. अक्कलकोटकडचे लोक आले की तुमचं कानडी निघायचं, तेही मोडकंच. मी म्हणायचे, वन्सं, तुम्हाला कुठलीच भाषा धड येत नाही. तुम्ही म्हणायचात, "नाव विचारण्यापुरत्या सगळ्या येतात."

मग ती कुंभारी गावची मुलगी आली.

पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. आई घेऊन आली आणि आईनं नाव सांगितलं रुक्मिणी, आडनाव माहेरचं. आईला दुसरं नाव तोंडात येणार कुठून? जन्मल्यापासून ती रुक्मीच. आपण खणात पाहिलं, कार्ड नाही, म्हणून नवा नंबर दिला. पण ती सासरहून आधी आपल्याकडे येऊन गेली होती, शोभा म्हणून, सासरच्या आडनावानं, आणि त्या कागदावर पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलं होतं की पेनिसिलिन देऊ नये. लाल शाई तिच्या जागी होती. नंबरही बरोबर होता. फक्त ती बाई दुसऱ्या नंबराखाली खाटेवर होती. चाचणीचं थेंबभर औषध टोचलं तेवढ्यात अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकायला लागला. डॉक्टर शेजारीच होते म्हणून वाचली. बाळही वाचलं.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विचारायला लागलात. सासरचं नाव सांगणारीला माहेरचं, माहेरचं सांगणारीला सासरचं. आणि दुसऱ्या नावाचं एक वेगळं कार्ड. त्यावर नंबर नाही, नुसतं "पाहा" आणि पुढं मूळ कार्डावरचं नाव. म्हणजे कुणीही, कुठल्याही नावानं शोधलं तरी वाट एकाच कागदाकडे जाते.

मी विरोध केला. अजूनही सांगते, माझे मुद्दे खोटे नव्हते. कार्डांची संख्या वाढते, खण पुरत नाहीत, लिहिण्यात चुका होतात. मी म्हटलं, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी देतोच आपण, ती आणायला शिकवू या लोकांना. तुम्ही मान वर न करता लिहीत होतात. म्हणालात, "कळा सुरू झाल्यावर बाई चिठ्ठी शोधते का गं? नाव तेवढं तिच्याबरोबर येतं. तेही तिला विचारून ठेवलेलं नसतं कुणी."

मी गप्प बसले नाही, तुम्हीही नाही. वाद चालूच राहिला. मधूनच खिडकीवरचं भांडण आत ऐकू यायचं. एकदा एक सासूबाई अशा तडकल्या होत्या, "माहेर कशाला इचारताय? पोरगी आमची हाय की आता!" आणि तुम्ही थंडपणे, "तुमचीच आहे मावशी, कोण पळवतंय? तुमचं माहेर कुठलं ते पण सांगा, तुमचंही कार्ड करते." त्या बाई एकदम म्हणाल्या, "बोरामणी." मग स्वतःचं लग्नाआधीचं नाव सांगताना त्या जरा सरळ उभ्या राहिल्या. मी आतून पाहत होते.

आणि तो दिवस. तुम्ही माझ्या टेबलावर दोन कार्डं आणून ठेवलीत, शेजारी शेजारी, पत्ते मांडावेत तशी. ढवळे, सुनंदा. साळुंखे, कुसुम. दोन्हींवर नंबर, दोन वेगळे. श्रीपूरहून आमचा दादा मला एका रात्री तापात घेऊन आला होता, खिडकीत तेव्हा आपल्यापैकी कुणी नव्हतं, मी शुद्धीत नव्हते, त्यानं खिडकीत बहिणीचं नाव सांगितलं. त्याच्या लेखी मी कुसुमच.

"एका माणसाला एक नंबर," तुम्ही म्हणालात. "जन्मभरासाठी. हो ना गं कुसुम?"

महादेव फायलींच्या मागं तोंड लपवून हसत होता. मी दोन्ही कागद एकत्र बांधले, कुसुमच्या कार्डावरचा नंबर खोडला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: पाहा. ते मी लिहिलेलं पहिलं "पाहा" कार्ड. तरीही कबूल केलं नाही. म्हटलं, हा अपवाद आहे.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट मनात आली होती, ती बोलले नाही. सुनंदा हे नाव मला दिलंत तुम्ही. लग्नात ताटातल्या तांदळावर तुमच्या भावानं लिहिलं, पण सुचवलं होतंत तुम्ही. तेव्हा तुम्ही जेऊरच्या सासरहून कायमच्या परत आलेल्या होतात. तिथं नवऱ्यानं दुसरी बायको आणली होती. जेऊरला तुम्हालाही असंच एक नाव मिळालं होतं, पार्वती, हे मला सासूबाईंकडून कधीतरी कळलं. त्या नावानं तुम्हाला कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. दवाखान्यातल्या तुमच्या कार्डावर फक्त ढवळे, सुमन. साऱ्या सोलापूरच्या बायकांना दुसरं नाव विचारणाऱ्या बाईला ते विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि आपण होऊन तुम्ही सांगितलं नाही. मला वाटलं, मान राखला. अजूनही वाटतं. पण पुढं जे झालं तेही खरं आहे.

तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. तेराव्याच्या आधी जेऊरहून तुमच्या धाकट्या जाऊबाई घरी आल्या होत्या, मिलातल्या त्यांच्या एका गाववाल्यानं घर शोधून त्यांना आणून सोडलं. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सुमन म्हंत्यात त्या हितल्याच का? आमच्यात पार्वती म्हनायचे." बसल्या. पाणी घेतलं नाही. मग सांगितलं.

"म्या आले हुते की दवाखान्यात. आक्का लई आजारी हाय म्हनून कळलं, आमच्या गावचा एक जन हितं मिलात असतो त्येच्याकडनं. गाडीनं आले. खिडकीत म्हनलं, पार्वतीबाई शिंदे, जेऊरच्या. त्यानं खण उगडून बगितलं, परत बगितलं, म्हनला, हितं असं कुनी न्हाय मावशी. म्हनलं, बरी हून घरी गेली आसंल. घर तर कुटं ठावं? संध्याकाळची गाडी हुती. गेले परत."

मी विचारलं, तुमचं नि वन्संचं बोलणं होतं का अधूनमधून? त्या म्हणाल्या, "बोलनं कसलं. आमी दोघी एका जात्यावर दळायचो. ती गेली तवा मी गरवार हुते, जाताना तिनं मला तिची जाड चादर दिली. तेवडंच." त्यांनी पिशवीतून जवसाच्या चटणीची बरणी काढली. तेव्हाही आणली होती म्हणे, तशीच परत नेली होती. "तिला लई आवडायची."

त्या दवाखान्यात येऊन गेल्या त्या दिवशी तुम्ही वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर होतात. शुद्धीत होतात. शेजारच्या खाटेवर नवी बाई आली आणि नर्स नाव लिहून घेत होती, तेव्हा तुम्ही क्षीण आवाजात म्हणालात, "माहेरचं विचार तिला." आणि खाली, खिडकीशी, जेऊरची बाई तुमचं नाव सांगत होती.

महादेवला मी विचारलं तेव्हा त्याचं तोंड पडलं. "बाई, मी शोदलं की हो. शिंदेंची समदी कार्डं काढली. पार्वती न्हाईच." त्याला बोल नाही. त्यानं जे करायचं तेच केलं. खणात आपण जे घातलेलं नाही ते खणातून निघत नाही. कार्डं कितीही नीट लावलेली असोत.

वन्सं, मला तुमचा रागही आला. एवढ्या बायकांची नावं जपलीत, आणि स्वतःचं एक अडवून ठेवलंत. मग वाटलं, माझा काय अधिकार. ते नाव तुम्हाला नको असेल तर का असावं? हा प्रश्न मी बरेच दिवस उलटसुलट करते आहे. तो खुर्चीत बसून सुटणार नाही असं दिसतंय.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. सोमवार होऊन गेला.

सचिवसाहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी पुण्याला कुठंतरी यंत्र पाहिलं आहे. भोकं पाडलेली कार्डं घालायची, की यंत्र भराभरा वेगळी करून देतं. म्हणाले, "सुनंदाबाई, उद्या आपल्याकडेही येईल. त्याला नंबर लागतात. तुम्हीच तर नंबर आणले. मग ही माहेर-सासरची भानगड कशाला?"

मी म्हटलं, "यंत्र जरूर येऊ द्या. ते भराभर शोधेल. पण आपण खिडकीत जे विचारलं नाही ते त्याला कुठून कळणार? ते आपलं 'असं कुणी नाही' हेच उत्तर भराभर देईल."

"पण रांग, बाई."

"रांगेचं मी पाहते. खिडकीत विचारायचं नाही. बायका बाकावर बसून वाट बघतातच, तिथं मी कार्डं घेऊन फिरेन. खिडकीशी येईपर्यंत दोन्ही नावं लिहिलेली असतील. रांग उलट कमी होईल."

"तुम्ही स्वतः?"

"मी स्वतः. रोज सकाळी."

कुंभारीच्या मुलीची गोष्ट सांगितली. ती त्यांना ठाऊक होती, पण तिचे कागद कसे दोन झाले हे कुणी समजावलं नव्हतं. दोन कार्डं टेबलावर ठेवून दाखवली, तुम्ही मला दाखवली होतीत तशीच. माझीच. सुनंदा आणि कुसुम. ते हसले, मग गंभीर झाले. जाऊबाईंचं मी काही बोलले नाही. बोलले असते तर काम लवकर झालं असतं. पण ते तुमचं आहे.

"महिनाभर बघू," म्हणाले. मला महिना पुरेल. एकदा कामाची सवय लागली की बंद करायला कागद काढावा लागतो, आणि सचिवसाहेबांना कागद काढायचा कंटाळा आहे.

आज पहिली सकाळ होती. तुमची ऐट मला जमत नाही. मी विचारलं की पोलीस विचारतोय असं वाटतं, असं महादेव म्हणाला. बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "माज्या माहेरचं नाव घ्यायला आता कोन ऱ्हायलंय बाई?" मी म्हटलं, "आम्ही राहिलोय की. सांगा." तिनं सांगितलं. ते लिहिताना तुमची आठवण आली, पण हात थांबवला नाही. मागं आणखी बसल्या होत्या.

नंबराचा आपला एक वाद राहिला होता. गेलेल्या माणसांचे नंबर मोकळे पडतात, ते नव्यांना द्यावेत, उगाच वाया का घालवायचे, असं तुमचं म्हणणं. काटकसर तुमच्या अंगातच. मी म्हणायचे, दिलेला नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, नाहीतर एकाचा आजार दुसऱ्याच्या माथी बसेल. काल महादेवनं भीतभीत तेच विचारलं. मी नाही म्हटलं. तुमचा नंबर कुणाला मिळणार नाही. हा वाद मी जिंकले असं धरते, तुम्ही उत्तर देत नाही तोवर.

आणि एक काम केलं आहे. तुम्हाला न विचारता. विचारायची वेळ होती तेव्हा विचारलं नाही, आता वाट बघण्यात अर्थ नाही. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर एक कोरं कार्ड घेतलं. वर लिहिलं: शिंदे, पार्वती. जेऊर. खाली: पाहा, ढवळे, सुमन. कोपऱ्यावर निळी रेघ. शिंदेंच्या खणात क्रमानं लावलं.

महादेव परत आला, त्यानं खण उघडा पाहिला, कार्ड वाचलं. "बाई," तो म्हणाला, "आता कोन येनार ह्या नावानं इचारत?"

मी म्हटलं, "कुणी आलंच तर."

तुम्हाला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. तुमच्या हातचं नाही म्हणून अक्षरालाही नावं ठेवाल. ठेवा. पण जाऊबाई जाताना म्हणाल्या आहेत की पुढच्या खेपेला सोलापूरला आल्या की आक्का शेवटी कुठं होती ती खोली बघायला येईन. घराचा पत्ता त्यांना लिहून दिला आहे, तरी त्या आधी खिडकीशीच येतील आणि त्यांना माहीत असलेलं नावच सांगतील. महादेव खण उघडेल, ते कार्ड काढेल, त्यावरून तुमचं कार्ड काढेल, तुमचा नंबर वाचेल आणि त्यांना वर घेऊन जाईल. "हितं असं कुनी न्हाय" हे या खिडकीतून पुन्हा कुणी म्हणणार नाही. तेवढं मी बघते.

तुमची,
सुनंदा
(पाहा: कुसुम)